शाळेची हद्द गावाने आखावी

मृगाचा पाऊस पडून गेला की महाराष्ट्रातील शाळांची कुलुपे उघडतात. पहिलीत पहिले पाऊल टाकणाऱ्या मुलाला आपले घर कोणत्या शाळेच्या हद्दीत येते, हे ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते ती वाट. वाटेवरची चिंच, ओढ्यावरचा साकव, देवळाची पायरी आणि पुढे शाळेचे पत्रे. ही वाट किती लांब असावी आणि ती कोणत्या दारात संपावी, हे मात्र त्याच्या घरापासून दूर, एखाद्या कचेरीतील तक्त्यावर ठरत असते. तक्त्यात गावाचे नाव असते, पटसंख्या असते, दोन शाळांमधील अंतर असते. चिंच, साकव आणि पायरी त्यात नसतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने कमी पटाच्या शाळांचे समायोजन करून समूह शाळा उभारण्याविषयी जिल्ह्यांकडून प्रस्ताव मागविले, तेव्हा हा तक्ता आणि ही वाट यांच्यातील अंतर महाराष्ट्रासमोर आले. वीस किंवा त्याहून कमी विद्यार्थी असलेल्या शाळांची संख्या राज्यात सुमारे १५ हजार आणि त्यांतील मुलांची संख्या सुमारे १ लाख ८५ हजार असल्याचे त्या वेळी पुढे आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोग आदर्श म्हणून मांडण्यात आले. लगोलग शिक्षक संघटना, पालक आणि सामाजिक कार्यकर्ते यांनी विरोधाचा सूर लावला. शाळा बंद करण्याचा हेतू नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. वाद काही काळ गाजला आणि ओसरला. पण त्यातून उपस्थित झालेला मूळ प्रश्न तसाच राहिला. कोणती शाळा कोणत्या वस्तीची, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी समायोजनाची बाजूही प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. लहान शाळा ही केवळ लहान आहे म्हणून चांगली ठरत नाही. पहिली ते चौथी मिळून सात मुले आणि एक शिक्षक, हे चित्र कवितेत गोड दिसेल. वर्गात ते कठीण असते. चार इयत्तांचे चार विषय एकाच माणसाने एकाच वेळी शिकवायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, बैठकांना आणि प्रशिक्षणाला जायचे. तो शिक्षक रजेवर गेला की शाळाच रजेवर जाते. तिसरीत एकटीच असलेल्या मुलीला गणितात स्पर्धा नाही आणि खेळात जोडीदार नाही. वादविवाद, सहगान, कबड्डीचा संघ, विज्ञानाचा साधा प्रयोग, या साऱ्यांसाठी थोडी तरी गर्दी लागते. पानशेतसारख्या ठिकाणी आसपासच्या लहान शाळांतील मुलांना वाहनाने एका चांगल्या इमारतीत आणून पुरेसे शिक्षक देता येतात, हे दाखविण्याचा प्रयत्न झाला. तो प्रयत्न हेटाळणीचा विषय नाही. मूल एकटे पडू नये, हा विचार मुळात मुलाच्या हिताचाच आहे.

अडचण हेतूत नाही. ती पद्धतीत आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने परिसरातील शाळा ही कल्पना अधिकाराच्या पातळीवर आणली. त्या कायद्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत पहिली ते पाचवीसाठी चालत जाण्याजोगे एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर अशी मर्यादा घातली आहे. येथपर्यंतचा भाग बहुतेक अधिकाऱ्यांना मुखोद्गत असतो. त्यालाच जोडून असलेला पुढील भाग मात्र क्वचितच उच्चारला जातो. जेथे भूभाग दुर्गम आहे, दरड कोसळण्याची वा पुराची भीती आहे, रस्ता नाही, किंवा लहान मुलाला वाटेत धोका आहे, तेथे ही मर्यादा कमी करून शाळा अशा ठिकाणी असावी की तो धोका टळेल, असे त्याच नियमांत म्हटले आहे. म्हणजे अंतर हा निव्वळ आकडा नाही, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य होते. पण तो धोका कोणता, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या वळणावर, हे सांगणार कोण? नकाशा ते सांगू शकत नाही. जो त्या वाटेने रोज जातो, तोच ते सांगू शकतो.

सह्याद्रीच्या कुशीतील कोणतीही दोन गावे घ्यावीत. आकाशातून मोजले तर अंतर आठशे मीटर. पण मध्ये ओढा. फाल्गुनात तो ओढा म्हणजे दगडांची रांग, तर आषाढात छातीएवढे पाणी. वळसा घालून गाडीरस्त्याने जायचे तर तीन किलोमीटर. मेळघाटात आणि गडचिरोलीत ओढ्याच्या जोडीला जंगल येते आणि जंगलाबरोबर अस्वल आणि बिबट्या येतो. बीड आणि अहिल्यानगरच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत दिवाळीनंतर निम्मे आईबाप स्थलांतर करतात. मुले आजीच्या हवाली राहतात आणि आजीला दुसऱ्या गावापर्यंत पोहोचवायला जाणे झेपत नाही. शिवाय मुलींचा प्रश्न आहेच. मुलगा दोन किलोमीटर सायकल हाणील. मुलीच्या बाबतीत मात्र वाट निर्जन झाली की घरातील वडीलधाऱ्यांचा जीव धास्तावतो आणि एके दिवशी दप्तर खुंटीला टांगले जाते. तिचे नाव पटावर राहते, ती राहत नाही. समायोजनानंतर शाळांची संख्या किती घटली आणि वेतनाचा खर्च किती वाचला, याचा हिशेब लगेच मांडता येतो. दप्तर खुंटीला लागलेल्या मुलींचा हिशेब मांडायला कोणी बसत नाही.

कमी पटाच्या शाळा आल्या कोठून, हेही विसरता कामा नये. त्यांतील पुष्कळ शाळा या शतकाच्या आरंभी वस्तीशाळा म्हणून जन्माला आल्या. मूळ गावापासून तुटलेली धनगरवाडी, ठाकरवाडी, तांडा वा पाडा; तेथील मुले गावातील शाळेपर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून शाळाच त्यांच्यापर्यंत नेण्यात आली. वस्तीतील एखादा शिकलेला तरुण अल्प मानधनावर मुलांना गोळा करून बसू लागला. कोणी ओसरी दिली, कोणी गोठ्यालगतची जागा दिली, कोणी खांब दिले. पुढे त्यांचे नियमित शाळांत रूपांतर झाले, शिक्षक सेवेत कायम झाले, पक्क्या खोल्या उभ्या राहिल्या. ज्या वस्त्यांनी ही शाळा पदरमोड करून जगविली, त्यांना वीस वर्षांनी एक पत्र येते आणि त्यात त्यांच्या शाळेचे नाव एका रकान्यात असते. त्या रकान्याच्या शीर्षात कोठेही ‘गावाचे म्हणणे’ असे शब्द नसतात.

भारतीय समाजाच्या दृष्टीने ही उलटी रीत आहे. इंग्रजी अमलाच्या आरंभी मुंबई इलाख्यात जवळपास प्रत्येक गावात एक तरी शाळा असल्याची नोंद गव्हर्नरच्या सल्लागार मंडळातील प्रेंडरगास्ट या इंग्रज अधिकाऱ्यानेच १८२१ मध्ये केली होती. या आणि अशा नोंदींच्या आधारे गांधीवादी इतिहासकार धर्मपाल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एतद्देशीय शिक्षणाचे चित्र उभे केले. त्या शाळांत उणिवा होत्या. मुलींना आणि समाजातील कित्येक घटकांना त्यांची दारे पुरेशी खुली नव्हती, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्या शाळा गावाच्या होत्या. पंतोजींना गाव पोसत असे आणि पंतोजी गावाला उत्तर देत असत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्थेची स्थापना करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच लोकशक्तीला नवे वळण दिले. वंचितांच्या मुलांसाठी दार उघडले आणि गावोगावच्या लोकांच्या जागेवर, धान्यावर आणि श्रमावर शाळा उभ्या केल्या. नंतर शिक्षणाची जबाबदारी राज्यसंस्थेने उचलली. ते योग्यच झाले. मात्र त्या ओघात गाव हा शाळेचा धनी न राहता लाभार्थी झाला. धन्याला विचारावे लागते. लाभार्थ्याला कळविले की पुरते.

कागदावर पाहिले तर गावाला विचारण्याची सोय आहे. २००९ च्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या जागी महिला असाव्यात, अशी तरतूद आहे. त्याआधी त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनात्मक स्थान दिले होते. राज्यात सर्वसाधारण ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची प्रथा आहे. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्याने पाड्याच्या पातळीवरील ग्रामसभेलाही मान दिला. इतकी व्यासपीठे असताना समायोजनाच्या वेळी प्रत्यक्षात काय घडते? वरून निघालेले पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत केंद्रप्रमुखांकडे आणि तेथून मुख्याध्यापकांकडे येते. मुदत आठ दिवसांची असते. मुख्याध्यापक ठरावाचा मसुदा लिहून सदस्यांच्या घरी सह्यांसाठी पाठवितात. शेतात गेलेल्या आईचा अंगठा संध्याकाळी घेतला जातो. ठरावात ‘सर्वानुमते’ हा शब्द असतो. सभा मात्र झालेली नसते. निर्णय आधी आणि संमती नंतर, या क्रमाला लोकसहभाग म्हणणे ही लोकांची थट्टा आहे.

आदेश आधी काढून विरोध मागाहून निस्तरण्याचा अनुभव उत्तर प्रदेशने २०२५ मध्ये घेतला. जूनमध्ये तेथे कमी पटाच्या परिषदीय शाळा जवळच्या शाळांशी जोडण्याचा आदेश निघाला. सीतापूर जिल्ह्यातील मुलांच्या वतीने प्रकरण उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेले. एकल न्यायाधीशांनी ७ जुलै रोजी याचिका फेटाळल्या. पुढे २४ जुलै रोजी द्विसदस्य पीठाने सीतापूरपुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्यास सांगितले. जुलै संपता संपता एक किलोमीटरहून दूर असलेल्या किंवा पन्नासहून अधिक पट असलेल्या शाळा जोडल्या जाणार नाहीत, असे राज्य शासनाने जाहीर केले. ही समंजस दुरुस्ती होती. पण जी गोष्ट एप्रिलमध्ये गावाच्या चावडीवर बसून उलगडली असती, ती न्यायालयाच्या पायऱ्या चढल्यावर जुलैअखेर उलगडली. मधल्या काळात मुलांचे वर्षारंभीचे दिवस अनिश्चिततेत गेले.

तथापि ‘गावाला विचारा’ एवढे म्हटल्याने प्रश्न सुटतो, असे मानणे भाबडेपणाचे होईल. गाव एकजिनसी नसते. पाटीलवाड्याचा आवाज मोठा असतो, टेकडीपलीकडील कातकरी वाडीचा आवाज सभेपर्यंत पोहोचत नाही. हद्द आखण्याचे काम बलवत्तरांच्या हाती गेले, तर शाळा त्यांच्या दाराशी राहील आणि लांबची पायपीट दुर्बलांच्या वाट्याला येईल. याचे ठसठशीत उदाहरण अमेरिकेत घडले. तेथे कोणत्या मोहल्ल्यातील मुलाने कोणत्या सरकारी शाळेत जायचे, हे प्रवेशाच्या हद्दीवरून ठरते. बोस्टन शहरातील लोकनियुक्त शालेय समितीने या हद्दींचा आणि प्रवेशाच्या नियमांचा उपयोग गोऱ्या आणि काळ्या मुलांना वेगळे ठेवण्यासाठी केला, असा निष्कर्ष संघीय न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी जून १९७४ मध्ये काढला आणि मुलांना बसने एका भागातून दुसऱ्या भागातील शाळांत पाठविण्याचा आदेश दिला. त्या सप्टेंबरमध्ये शाळा उघडल्या तेव्हा दक्षिण बोस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड पडले. अन्याय खरा होता आणि तो दूर होणे आवश्यक होते. पण ज्या वस्त्यांनी एकमेकांच्या मुलांना स्वीकारायचे होते, त्यांची मने जोडण्याचे काम कोणी केलेच नव्हते. पुढील काळात अनेक कुटुंबांनी मुले खाजगी शाळांत घातली किंवा शहर सोडले. न्यायालयाला मात्र वर्षानुवर्षे देखरेख करावी लागली.

या उदाहरणातून दुहेरी बोध होतो. निवडून आलेली समिती म्हणजे आपोआप न्याय नव्हे; आणि न्याय्य आदेशही समाजाच्या मनात रुजल्याविना निर्वेध चालत नाही. म्हणून लोकसहभागाला समरसतेची जोड हवी. हद्दीची चर्चा वस्तीतील सर्वांत दुर्बल घरापासून सुरू झाली पाहिजे. समायोजन झालेल्या शाळेत वाडीवरची मुले पाहुणी म्हणून मागच्या बाकावर बसणार असतील, तर नवी इमारत आणि संगणक कक्ष यांचा त्यांना उपयोग काय?

मग हे काम करावे कसे? त्यासाठी नवा कायदा लागत नाही, थोडा धीर लागतो. हद्द बदलण्याचा विचार असेल तर तो शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या किमान सहा महिने आधी गावापुढे यावा. पट, शिक्षक, खर्च आणि पर्यायी शाळेची स्थिती यांची माहिती सोप्या मराठीत आणि आवश्यक तेथे स्थानिक बोलीत चावडीवर लावावी. अधिकाऱ्यांनी मोटारीने नव्हे, तर मुलांबरोबर पायी ती वाट चालावी. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात. सभा वाडीवर घ्यावी, महिलांचे म्हणणे वेगळे ऐकावे आणि इतिवृत्तात विरोधाची कारणेही नोंदवावीत. गावापुढे ‘होय की नाही’ असा एकच प्रश्न न ठेवता किमान दोन पर्याय ठेवावेत. पहिली-दुसरीचे वर्ग वाडीवर ठेवून वरचे वर्ग जोडता येतील काय? दोन वाड्यांच्या मध्यावर शाळा हलविता येईल काय? शाळा आहे तेथेच ठेवून विषयशिक्षकाला आठवड्यातून काही दिवस फिरते ठेवता येईल काय?

हा शेवटचा पर्याय काल्पनिक नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तिला पुन्हा उजाळा दिला. एक माध्यमिक शाळा केंद्रस्थानी ठेवून पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातील शाळांनी शिक्षक, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि क्रीडासाहित्य यांचा सामायिक उपयोग करावा, असे ते चित्र आहे. शाळांचे एकत्रीकरण अत्यंत विवेकाने करावे आणि मुलांच्या पोहोचीवर परिणाम होणार नाही याची खात्री झाल्यावरच करावे, असेही ते धोरण सांगते. संकुल म्हणजे कुटुंबातील सर्वांनी एका विहिरीचे पाणी वापरणे. धाकट्याचे घर मोडणे नव्हे. धोरणाचे नाव घेऊन धाकट्याचे घर मोडण्याची घाई होत असेल, तर ते धोरणाचेच उल्लंघन आहे.

गावाने समायोजन मान्य केले, तर त्याला दिलेले वचनही लेखी असावे. वाहन कोण देणार, ते बंद पडले तर मुलांना कोण आणणार, वाहनात मुलींसाठी मदतनीस बाई असेल काय, निधी किती वर्षांसाठी आहे, हे सारे ठरावात यावे. रिकाम्या होणाऱ्या खोल्यांचे काय, हेही ठरावे. गावाने श्रमदानातून बांधलेली इमारत पत्ते कुटण्याचा अड्डा बनू नये. तेथे अभ्यासिका चालावी, बालवाडी चालावी. वर्षभरानंतर गावासमोर हिशेब मांडावा. किती मुले नियमित येतात, किती गळाली, मुली किती टिकल्या? गळती वाढली असेल तर वाडीची शाळा पुन्हा उघडण्याची वाट खुली असावी. शासनाने चूक दुरुस्त केली तर त्याची प्रतिष्ठा घटत नाही, वाढते.

शासनाकडून एवढ्या अपेक्षा करताना समाजाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ज्या गावांत शाळा वाचविण्यासाठी मोर्चे निघतात, त्यांतील कित्येक गावांच्या वेशीवर रोज सकाळी पिवळ्या गाड्या उभ्या राहतात आणि पाच-सात किलोमीटरवरील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलांना घेऊन जातात. मोर्चाच्या अग्रभागी असलेल्या पुढाऱ्याचा नातूही त्यातच असतो. जिल्हा परिषदेची शाळा हवी, पण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी, ही वृत्ती शाळेला पत्राच्या आधीच मारून टाकते. शिक्षक नीट शिकवीत नसतील तर जाब विचारण्याचा अधिकार व्यवस्थापन समितीला आहे. तो किती गावांनी वापरला? समितीच्या बैठकीला किती पालक गेले? ज्या गावांनी शाळेकडे लक्ष दिले, लोकवर्गणीतून खोल्या रंगविल्या, शिक्षकांना साथ दिली, तेथे खाजगी शाळांतील मुले परत आल्याची उदाहरणे याच महाराष्ट्रात आहेत. तेव्हा हक्क मागणाऱ्या गावाने पहिला ठराव आपली मुले आपल्या शाळेत घालण्याचा करावा. त्या ठरावापुढे कोणत्याही तक्त्यातील रकाना टिकणार नाही.

शाळेची हद्द ही जमिनीवरची रेषा नसते. कोणाची मुले कोणाच्या मुलांबरोबर बसतील, कोणाची वाट लांबेल, कोणत्या वाडीत सकाळी प्रार्थनेचा स्वर उमटेल आणि कोणत्या वाडीत शांतता पसरेल, हे ती ठरविते. असा निर्णय वरून लादला तर रेषा कागदावर उमटते आणि मुले तिच्याबाहेर निसटतात. तोच निर्णय वाडीच्या पारावर, सर्वांच्या साक्षीने झाला, तर लांबलेली वाटही समाज आनंदाने चालतो. कोणी रिक्षा देतो, कोणी सोबतीला येतो, कोणी ओढ्यावर साकव घालतो. शासनाला शाळा कमी करायच्या आहेत की शिक्षण वाढवायचे आहे, याचे उत्तर परिपत्रकांच्या भाषेतून मिळणार नाही. पुढचा तक्ता भरण्यापूर्वी अधिकारी वाडीवर जाऊन पारावर बसतात की नाही, यावरून ते मिळेल. आणि ते आले, तर त्यांच्यासमोर पारावर बसण्याची जबाबदारी गावाची आहे.